सुपातून विकत घेतलेली मुलगी

बुआलायने विणलेले कापड हाती आले की माणसे ते आधी उलटे करून पाहत. संशयाने नव्हे, कौतुकाने. इतर विणकरणींच्या कापडाची मागची बाजू म्हणजे सुटलेल्या धाग्यांचे रान. बुआलायच्या कापडाची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असे. एखादा धागा चुकला आणि ते वीतभर कापड पुढे गेल्यावर ध्यानात आले, तर ती ते वीतभर कापड उसवून पुन्हा विणी. तिची आई खामफेंग म्हणे, नेसणारीच्या मांडीमागे काय चुकले आहे ते पाहायला कोण वाकणार आहे?  बुआलाय उसवीतच राही.

बान हातसाय गावात नदीच्या बाजूला तिचे घर होते. घर उंच खांबांवर, आणि खांबांमधल्या सावलीत तिचा माग. नवरा सीफान लग्नानंतर इथल्या रीतीप्रमाणे बायकोच्या घरी राहायला आला होता. पाणी ओसरले की नदीकाठच्या गाळात तो भुईमूग लावी आणि पाणी चढले की जाळी टाकी. दोघांचे बरे चालले होते. मूल मात्र बरीच वर्षे झाले नाही, आणि गावाने त्याविषयी विचारणे सोडून दिल्यानंतर, बुआलायची तिशी उलटून गेल्यावर, तिला दिवस गेले.

तयारी करण्यात तिची बरोबरी करणारे गावात कोणी नव्हते. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी तिने स्वतः शिवली, कडा दुमडून. बाळंतपणानंतर खाटेखाली जाळायचे लाकूड सीफानने हिवाळ्यापासून आणून ठेवले. तडतडणारा, ठिणग्या उडवणारा एकही ओंडका त्यात नसावा म्हणून तिने ते स्वतः निवडले. काढ्याची मुळे उन्हात वाळवून झाली, अंघोळीच्या पाल्याच्या जुड्या आढ्याला टांगल्या गेल्या. शेजारच्या बायका येत, हे सारे पाहत आणि हसत. एक गोष्ट मात्र सगळ्याच सांगत: पोराचे तोंड एकदा पाहिले की पुढचे सारे आपोआप होते, माया आतून अशी येते की आवरत नाही. एवढ्या एका गोष्टीची तयारी करावी लागणार नाही, असे बुआलायने मनाशी नोंदवून ठेवले.

मुलगी झाली. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या आरोग्य केंद्रात, भर दुपारी. कळांविषयी तिने ऐकले होते त्याहून त्या वाईट होत्या, पण त्या आपल्या ठरलेल्या जागी संपल्या, हे तिला पसंत पडले. दाईने मूल पुसून तिच्या छातीवर ठेवले. डोके एका बाजूला चेपलेले, कातडी सुरकुतलेली, कानांवर काळी लव, आणि नाक इतके बसके की ते आहे की नाही हे पाहावे लागावे. मुलगी शिंकली. एवढ्याशा जिवाला शिंक येते हे बुआलायला ठाऊक नव्हते, आणि त्या क्षणी तिला जे काही वाटले ते एवढेच: आश्चर्य. ती वाट पाहत राहिली. सीफान रडत होता. खामफेंग रडत होती. बुआलायने कोरड्या डोळ्यांनी मुलीकडे पाहिले आणि तिला स्पष्ट कळले की ही कोणीतरी अनोळखी आहे.

तिने हे कोणाला सांगितले नाही. नावेतून घरी येताना ती पदराआड मुलीला धरून बसली होती, आणि भीती एकच होती: हे कोणाच्या तरी ध्यानात येईल.

घरी आल्यावर तिला बाजेवर घेतले. बांबूच्या कामट्यांची ती बाज. तिच्याखाली मातीने लिंपलेल्या घमेल्यात निखारे, ते विझू द्यायचे नाहीत. पहिलटकरणीने त्यावर अधिक दिवस राहायचे, कढत काढा प्यायचा, कढत पाण्याने न्हायचे, आणि चिकट भात, भाजलेले मीठ, आले नि सुकी मासळी एवढेच खायचे. उन्हाळा होता. घाम तिच्या पाठीवरून कामट्यांतून खाली गळे आणि निखाऱ्यावर चर्र होई. छाती दगडासारखी ताठली, पण दूध धड उतरेना. बसता येईना, शिंकता येईना, हसता तर मुळीच येईना. आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे काम तर तिला हसवण्याचेच होते, कारण बाळंतिणीच्या घरी उदास बसू नये असा दंडक. बायका येत, निखाऱ्यावर केळी भाजून खात, आपापल्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगत आणि सुपात झोपलेल्या मुलीकडे पाहून तोंडे वाकडी करीत.

"काय बाई हे ध्यान. बेडकी नुसती."

"बेडकी बरी दिसते हिच्यापेक्षा."

अदृश्य भुताखेतांच्या कानावर कौतुक पडू नये म्हणून नवजात मुलाला कुरूप म्हणायचे असते. सगळ्या बायका हे हसत म्हणत आणि पुन्हा पुन्हा सुपात डोकावत. बुआलायही मान डोलवी. त्या खोलीत ते मनापासून म्हणणारी ती एकटीच होती.

नंतर सुपाचा विधी आला. पहिले काही दिवस मूल भुताखेतांचेच असते. ते त्यांनी न्यायचे तर तेव्हाच न्यावे, पुढे त्याच्यावर हक्क सांगू नये, यासाठी हा विधी. खामफेंगने मुलीला सुपात ठेवून जिन्याच्या तोंडाशी आणले, सूप हलकेच हलवले आणि बाहेरच्या उजेडाकडे पाहून विचारले की हे मूल कोणाचे आहे, ज्याचे असेल त्याने आता घेऊन जावे. आईने अशा वेळी गप्प बसायचे असते. आईने हक्क सांगितला तर भुतांना मूल मोलाचे आहे हे कळते. उत्तर द्यायचे ते दुसऱ्या बाईने, जिची मुले जगली-वाढली आहेत अशा. सात मुलांची आई चान्थी पुढे आली. सकाळच्या बाजारात नदीतले खाण्याचे शेवाळ वाळवून विकणारी ही बाई आवाजाने निम्म्या गावाला ठाऊक होती.

"माझं आहे," ती म्हणाली. "मी घेते विकत."

तिने कमरेच्या पिशवीतून एक चुरगळलेली, कशालाही न पुरणारी नोट काढून सुपात टाकली, मुलगी उचलली, तिचे नाक पाहून नापसंतीचा आवाज काढला आणि वळून तिला बुआलायच्या मांडीवर ठेवले.

"घे. माझी आहे, पण मला वेळ नाही. तू सांभाळ. नीट सांभाळ हं, मी येऊन बघेन."

बायका हसल्या. प्रत्येक घरात हे असेच बोलले जाते आणि त्यानंतर माणसे जेवायला बसतात. बुआलाय मात्र हसली नाही. नावेत बसल्यापासून तिच्या खांद्यांत जो ताण होता तो सुटला, इतका की तिने पाठ मागे टेकली. मुलगी चान्थीमावशीची आहे. आपण सांभाळायची आहे. बुआलायकडे लोक लग्नाचे रेशीम ठेवून जात, आजीच्या काळची फाटकी वस्त्रे सांधायला देऊन जात, आणि वर्षभराने येऊन जशीच्या तशी घेऊन जात. दुसऱ्याची ठेव कशी सांभाळायची हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती, आणि ठेवीवर माया असावी लागते असे कोणी म्हणत नाही.

गावात हा विधी भुतांना फसवण्यासाठी करतात. तो खरा मानणारी आई बान हातसायने बहुधा पहिल्यांदाच पाहिली. अर्थात तेव्हा हे गावाला ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून कामाला शिस्त आली. दूध उतरावे म्हणून केळफुलाचे कालवण वाडगाभर समोर येई आणि ती ते संपवी. छातीवर गरम फडके, मग मुलगी, मग पुन्हा फडके. दूध आले ते एका दुपारी, कसलीही सूचना न देता, तिची चोळी आणि अंथरूण भिजवून. आणि तेही मुलगी झोपलेली असताना, रस्त्यावरून चाललेल्या दुसऱ्याच कोणाचे मूल रडले म्हणून. आपल्या शरीराला कोणाचे मूल कोणते याची पर्वा दिसत नाही, असे बुआलायला वाटले. तिने त्याविषयी तक्रार केली नाही. ती दुपटी वासावरून ओळखू लागली: ओले कोणते, आंबलेले कोणते, उद्यापर्यंत चालेल असे कोणते. मुलीची नखे कागदासारखी पातळ होती आणि ती स्वतःलाच ओरबाडी. ती कातरायला कात्री चालत नाही, दातांनी कुरतडावी लागतात, हे कोणी तिला आधी सांगितले नव्हते.

सीफान निखारे राखी आणि दोघींकडे पाहत बसे. बुआलाय बोलता बोलता "मावशींची मुलगी उठली वाटतं" म्हणे, "मावशींच्या मुलीला ऊन लागतंय, पडदा सोडा" म्हणे. पहिले काही दिवस त्याला गंमत वाटली.

"मग मी कोणाचा?" त्याने एकदा विचारले. "मला कोणी विकत घेतलंय का, की अजून सुपातच आहे?"

"तुम्हाला कोण घेणार," ती शांतपणे म्हणाली. "निखारे बघा."

तो हसला, पण दुसऱ्या दिवशी त्याने सासूच्या कानावर हे घातले. खामफेंगला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. तिने लेकीला न्याहाळले. लेक खात होती, पीत होती, सगळे करीत होती. पण मुलीशी बोलत नव्हती. कोणत्याही आईच्या तोंडून जे बरळणे आपोआप निघते ते तिच्या तोंडून निघत नव्हते. खामफेंगने याचे एकच कारण काढले: काहीतरी बाधले आहे. बाजेवरच्या बाईला न चालणारा वास लागला की तो तिच्या अंगी राहतो, हे गावात लहान मुलांनाही ठाऊक असते. आणि उतारा असा की ज्या वस्तूचा वास बाधला तीच जाळून तिची राख कढत पाण्यातून पाजायची. प्रश्न एवढाच होता की वस्तू कोणती.

मग घरात झडती सुरू झाली. मुरवलेल्या मासळीची घागर खामफेंगने जिन्याखाली नेली, आणि नेण्याआधी त्यातले बोटभर काढून करपेपर्यंत भाजले. बुआलायने ते पाणी प्यायले. फरक पडला नाही. सीफानच्या डोक्याच्या तेलावर संशय गेला. त्यात बुडवलेली चिंधी जळाली. तेही पाणी पोटात गेले. चुलतबहीण शहरातला सुवासिक साबण लावून भेटायला आली होती. तिला निरोप धाडून साबणाचा तुकडा मागवला. ती बिचारी अख्खी वडीच घेऊन आली आणि दाराबाहेरच उभी राहिली. बुआलाय प्रत्येक वाडगा निमूटपणे रिकामा करी. आईला खरे सांगण्यापेक्षा साबणाची राख गिळणे सोपे होते.

चान्थी एक दिवसाआड येई. बाजार उठला की शेवाळाची रिकामी टोपली पाठीशी टाकून ती जिना चढे, आणि ती टेकताच बुआलाय तिला माहिती देऊ लागे: तुमची मुलगी आता दोन्ही बाजूंनी पिते, तुमच्या मुलीच्या डोळ्यांतली चिकट घाण गेली, तिच्या कातडीचे पापुद्रे निघाले ते घाबरण्यासारखे नाही असे दाई म्हणाली. चान्थीला हे आधी विनोदाचेच वाटले आणि तिने तो विनोद चालू ठेवला. मग नाळ पडली.

"तुमच्या मुलीची नाळ पडली, मावशी," बुआलाय म्हणाली. "फडक्यात बांधून ठेवली आहे. नेता का?"

"नेऊन काय करू? लोणचं घालू?"

"तुमची आहे म्हणून विचारलं."

चान्थीने तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. खामफेंग खाली कोंबड्यांना दाणे टाकीत होती. तिचे हाकारणे ऐकू येत होते.

"तू चेष्टा करत नाहीयेस," चान्थी म्हणाली.

"नाही."

"मग काय करतेयस?"

बुआलाय मुलीचे दुपटे सारखे करीत राहिली. ते आधीच सारखे होते. "मला हिचं काही वाटत नाही, मावशी. सगळं करते मी. पाजते, धुते, पुसते. कशात कमी करत नाही. पण आत काही होतच नाही. सगळ्या म्हणाल्या होत्या होईल. तुम्ही घेतलीत ते बरं झालं. दुसऱ्याची वस्तू असली की मला जमतं."

एवढे बोलून ती थांबली. ओरडा होईल, आई वर धावत येईल, गावभर होईल, अशी तिने तयारी केली. चान्थीने खाली वाकून निखाऱ्यावरचे केळे परतले.

"आईला सांगितलंस हे?"

"नाही."

"सांगू नकोस. आणखी काहीतरी जाळून पाजील." तिने बोट चाटले. "माझा थोरला झाला तेव्हा मला वाटायचं, ह्याला कोणी पळवून नेईल तर बरं. आधी पोटभर झोपेन, मग उठून रडेन."

"मग तुम्हाला कधी वाटायला लागलं?"

"काय माहीत. कामं फार होती."

केळे शिजले होते. तिने ते सोलले, निम्मे बुआलायला दिले आणि खाता खाता काहीतरी मनाशी पक्के केले.

"बरं. माझी तर माझी," ती म्हणाली. "पण मग मी सांगेन तसं व्हायला हवं. माल माझा आहे."

यात तिचा काही डाव होता असे समजण्याचे कारण नाही. चान्थीला सांगायला आवडे. तिची स्वतःची सातही मुले मोठी होऊन तिचे ऐकेनाशी झाली होती, आणि जिथे आपले म्हणणे कोणी ऐकते आहे अशी जागा तिला पुष्कळ दिवसांनी मिळाली होती. ती आता रोज येऊ लागली. अंघोळ सकाळीच, दुपारी नको. टोपरे घाल. रडली की लगेच उचलू नकोस, लाडावेल. आणि दुपट्यात घट्ट गुंडाळ, हातपाय हलता कामा नयेत, नाहीतर दचकेल.

बुआलाय गिऱ्हाइकाचे ऐकावे तसे ऐके. पण गिऱ्हाईकही कधी कधी रंग चुकीचा सांगते, आणि विणणारीला ते दिसत असते. मुलीला उजवा हात आत ठेवलेला खपत नव्हता. कितीही घट्ट बांधले तरी ती वळवळून, लाल होऊन, तो एक हात बाहेर काढी आणि मगच झोपे. चान्थी जिना उतरली की बुआलाय तो हात मोकळा करू लागली. चान्थीच्या पावलांचा आवाज आला की पुन्हा आत घाली. आपण हे लपवून करतो आहोत याचे तिला थोडे नवल वाटे.

एके दिवशी मुलगी दुपारभर रडली. पिऊन झाले होते, दुपटे कोरडे होते, खांद्यावर घेऊन झाले, मांडीवर हलवून झाले. उताणी ठेवली की पाय पोटाशी घेऊन किंचाळे. खामफेंगने हिंग शोधायला शेजारी धाव घेतली. बुआलायचे मनगट दुखत होते आणि तिला दुसरे काही सुचेना, तेव्हा तिने मुलीला मागावरून उतरवलेल्या कापडाच्या गुंडाळीसारखे डाव्या हातावर पालथे घेतले: पोट हातावर, गाल कोपराच्या खळगीत, दोन्ही पाय पंजाच्या दोन बाजूंना लोंबते. तयार कापड ती वर्षानुवर्षे असेच नेत आली होती. मुलीने एक मोठा ढेकर दिला, मग एक उसासा टाकला, आणि ती गप्प झाली. तिचा गाल कोपरावर चपटा झाला होता आणि तोंडातून लाळ ओघळत होती. बुआलाय हललीच नाही. हात बधिर झाला तरी हलली नाही.

खामफेंग हिंग घेऊन आली तोवर बुआलायने झोपलेल्या मुलीला बाजेवर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी चान्थीला सारी माहिती मिळाली: किती प्यायली, किती झोपली, रडली किती. कशाने थांबली, ते बुआलायने सांगितले नाही. ठेवीचा हिशेब मालकिणीला अपुरा देण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

बाजेवरचे दिवस संपले. निखारे विझवले, बाज उभी करून भिंतीला टेकवली, आणि माय-लेकींचे ख्वान बांधण्याचा दिवस ठरला. माणसाच्या अंगात हे जे प्राणांचे रक्षक राहतात ते अशा मोठ्या दमणुकीनंतर भरकटतात, त्यांना हाका मारून परत आणायचे आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून जागच्या जागी ठेवायचे. खामफेंगने केळीच्या पानांचा नि झेंडूचा उंच मनोरा रचला. तांदळाच्या दारूचा घडा उघडला. गावातली वडीलधारी माणसे पाय दुमडून चटईवर बसली. मंत्र म्हणायला फोमाआजोबा आले. त्यांचे पाठांतर अचूक होते आणि कोणी मध्ये खोकलेलेही त्यांना चालत नसे.

मुलीला घेऊन बसण्याचा मान विकत घेणारीचा. चान्थी नवे वस्त्र नेसून, मुलीला मांडीवर उताणी घेऊन, मनोऱ्याच्या एका बाजूला बसली. समोरच्या बाजूला बुआलाय. फोमाआजोबांनी ख्वानांना रानातून, नदीतून, वाटेतून परत बोलावले, मग दोरा घेतला आणि बुआलायचा उजवा हात हाती घेतला. दोरा मनगटावरून फिरवून गाठ पडेपर्यंत हात हलवायचा नसतो. दुसरा हात कपाळाशी धरायचा असतो आणि मनात चांगले ते आणायचे असते.

मुलगी रडू लागली.

चान्थीने तिला हलवले. मग जोरात हलवले. कोणी म्हणाले भूक लागली असेल, कोणी म्हणाले गर्दीने बावरली. चान्थी म्हणाली की तिला ठाऊक आहे काय हवे ते, आणि तिने मुलीला आणखी घट्ट गुंडाळून उजवा हात आत दाबला. मुलीने पाय पोटाशी घेतले. रडण्याचा सूर बदलला. तो बदल त्या खोलीत एकीलाच कळला.

बुआलाय उठली. नुसती उठली नाही. गुडघ्यांवर सरकत न जाता, बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यांहून उंच होऊ नये ही रीत विसरून ताठ उभी राहून, मनोऱ्याला वळसा घालून चालत गेली. अर्धी गाठ मारलेला दोरा तिच्या मनगटावरून लोंबत होता. फोमाआजोबांचा मंत्र तोंडातच राहिला. तिने वाकून चान्थीच्या मांडीवरून मुलीला उचलले, दुपटे सोडले आणि तिला डाव्या हातावर पालथी घातली.

"भूक नाहीये तिला," ती म्हणाली. "उताणी धरली की पोटात दुखतं तिच्या. तुम्हाला नाही कळायचं, मावशी."

कोणाच्या तरी हातातला पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"सात वाढवलीत मी," चान्थी म्हणाली.

"ती वेगळी. ही अशी नाही."

मुलगी गप्प झाली होती. तिचा मोकळा हात खाली लोंबत होता आणि बोटे उघडमीट करीत होती. बुआलायचा चेहरा तापला होता. आपण काय केले हे तिला आता कुठे कळू लागले: डोकी, मंत्र, गाठ, आणि मावशीचा सर्वांदेखत झालेला अपमान. ती तिथेच चटईवर बसली.

फोमाआजोबांनी घसा साफ केला. "गाठ अर्धी राहिली आहे," ते म्हणाले. "उजवा हात तरी मोकळा आहे ना?"

ते स्वतः गुडघ्यांवर सरकत तिच्यापर्यंत आले, वयाला न शोभणाऱ्या त्या खटाटोपाबद्दल नाराजी दाखवीत, आणि त्यांनी गाठ पुरी केली. मंत्र मात्र त्यांनी पहिल्यापासून म्हटला. अर्धवट काही सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

चान्थी थोडे खाऊन लवकर उठली. तिचे ओठ आवळलेले होते. जिन्याशी खामफेंगने तिचा हात धरला आणि लेकीच्या वतीने काहीतरी समजुतीचे बोलू लागली.

"राहू दे गं," चान्थी म्हणाली. "इतके दिवस पोर माझी होती तेव्हा तुझी लेक कशी गोड बोलायची. आता बघ." मग ती दोन पायऱ्या उतरून थांबली. "कोपराखाली काहीतरी मऊ ठेवायला सांग तिला. हात दुखेल." आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी बाजारात, आपण विकत घेतलेली पोर भर पंगतीत आपल्या हातातून कशी हिसकावली गेली, हे ती शेवाळाच्या गिऱ्हाइकांना सांगत होती. सांगता सांगता तिचा आवाज हळूहळू अभिमानाचा होत गेला, असे ऐकणारे म्हणतात.

इकडे पाहुणे जेवत होते. बुआलाय खांबाला टेकून बसली होती. जे यायचे म्हणून सगळ्यांनी सांगितले होते ते आले होते काय, हे तिला अजूनही सांगता आले नसते. पूर आल्यासारखे काही झाले नव्हते. तिला राग येत होता. जो जो मुलीवर वाकून पाही, श्वास सोडी, गालाला बोट लावी, त्याचा त्याचा राग. सीफानने मुलीला घेण्यासाठी हात पुढे केले तेव्हा तिने त्याला आधी बाही वर करायला लावली, मग हात कोपरात किती वाकवायचा ते दाखवले, मग तो चुकीचा वाकवला म्हणून मुलगी दिलीच नाही.

"शिकवशील का तरी?" तो म्हणाला.

"उद्या. आता झोपली आहे ती." आणि मुलीच्या मानेवरच्या घामाकडे पाहत ती पुटपुटली, "काय घाम हा. इतका कशाला गं घाम गाळतेस, बेडके. काम काय केलंस तू?"

टोपलीतला भात घेऊन येणारी खामफेंग हे ऐकून दारातच उभी राहिली. मग ती आली आणि लेकीसमोर बसली. ताटात कितीतरी दिवसांनी तिखट होते: ठेचलेली मिरची, भाजलेली वांगी, मासळी. बुआलायने ताटाकडे पाहिले आणि आपल्या हातांकडे पाहिले. डाव्या हातावर मुलगी होती, उजवा तिच्या पाठीवर होता, आणि तो काढला की ती चाळवत होती.

खामफेंगने भाताचा गोळा वळला, मिरचीत बुडवला.

"तोंड उघड."

बुआलायने तोंड उघडले. मिरची इतक्या दिवसांनी जिभेला लागली की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि पुसायला हात नव्हता. खामफेंगने ते आपल्या पदराने पुसले, तिच्या हनुवटीवरचे शीत उचलले आणि दुसरा गोळा वळायला घेतला.

"आणखी?"

"आणखी. पण सावकाश, आई. ती हलते आहे."